जर्मनीचे पैसे, परभणीचं ऊन

'जगात जर्मनी, भारतात परभणी!' आपल्याकडचं पोरगं किंवा पोरगी पुण्यात रूमवर राहायला गेली, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हे वाक्य ऐकवतंच. वर सगळे हसतात. आपणही हसतो. काय करणार? दुसरा पर्याय 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हा असतो आणि तो त्याहून वाईट. जर्मनीचा आणि आपला नक्की काय संबंध, हे मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. यमक जुळतं, बस्स.

पण एक संबंध सापडलाय. तो बघायला संध्याकाळी गच्चीवर जा आणि चारी बाजूंना नजर टाका. आधी गच्चीवरचं 'सोलर' म्हणजे अंघोळीच्या पाण्याची काचेच्या नळ्यांची टाकी असायची. आता मध्येच एखाद्या घरावर निळ्या-काळ्या पाट्यांच्या रांगा दिसतात. पाणी तापवणाऱ्या नव्हे, वीज बनवणाऱ्या. ही पाटी आपल्या गच्चीपर्यंत पोचली, कारण ती स्वस्त झाली. आणि ती स्वस्त का झाली, हे शोधत गेलात तर थेट जर्मनीत पोचता.

झालं असं, की २००० साली जर्मनीनं एक कायदा केला. तुम्ही छतावर सोलर लावा, त्यातून तयार होणारी वीज आम्ही २० वर्षं ठरलेल्या दरानं विकत घेऊ, असं सरकारनं लोकांना सांगितलं. तेव्हा ही वीज भयंकर महाग होती. फरकाचा पैसा कुठून आला? सामान्य जर्मन माणसाच्या लाईट बिलातून. त्यासाठीचा वेगळा अधिभार २०२२ पर्यंत त्यांच्या बिलावर होता. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने ज्यांना सूर्य नीट दिसत नाही, त्या लोकांनी सोलरसाठी वर्षानुवर्षं जास्तीचं बिल भरलं. गिऱ्हाईक पक्कं आहे म्हटल्यावर चीनमध्ये मोठमोठे कारखाने उभे राहिले, माल ढिगानं बनू लागला आणि किमती कोसळल्या. २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलची किंमत जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरली. आपल्या देशात २०१० च्या सुमारास सोलरच्या विजेचा सरकारनं ठरवलेला दर युनिटला १७ रुपयांच्या पुढे होता. २०१७ मध्ये राजस्थानात भडलाच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. २०२५ च्या सुरुवातीला भारत आणि जर्मनी, दोघांनीही सौरऊर्जेत १०० गिगावॉटचा टप्पा ओलांडला. फक्त ते आठ-साडेआठ कोटी आणि आपण एकशे चाळीस कोटी, एवढा हिशेब डोक्यात ठेवा.

तर पैसे त्यांनी भरले, ऊन आपल्याकडे आहे. मग अडलंय कुठं?

घरातला ओटीपी विभाग

अडलंय तुमच्यापाशी. खरंच. तुम्ही विशीत असाल तर घरातला ओटीपी विभाग तुमच्याकडेच असणार. पीकविमा, केवायसी, रेशनकार्डाची आधार जोडणी, सगळं तुमच्याच मोबाइलवरून होतं. सोलरचंही तसंच आहे. 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तिचा अर्ज ऑनलाइन आहे. म्हणजे बाबा किंवा काका एक दिवस जेवताना सहज विचारणार, "ते सोलरचं काय म्हणतेत? घ्यावं का?" आणि सगळे तुमच्याकडे बघणार. तेव्हा रीलमध्ये बघितलेलं 'लाईट बिल झिरो' सांगून मोकळं होऊ नका. बिल काढा आणि हिशेब करा. तो काही अवघड नाही.

एक किलोवॉटचं सोलर वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, आणि ती सावली नसलेली. शेजारच्यानं नवा मजला चढवला तर तोही हिशेबात धरा. अनुदान असं आहे : एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार. त्यापुढं कितीही लावा, ७८ हजारच. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही थोडा हातभार.

आता खरी गंमत बिलात आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटचा भाव एक आणि १०१ पासून पुढचा भाव जवळपास दुप्पट. समजा तुमच्या घरी महिन्याला २०० युनिट जळतात. बिल दोन हजारांच्या आसपास येत असणार. दोन किलोवॉटचं सोलर लावलं तर ही सगळी वीज छतावरून निघू शकते. बाजारभावानं त्याला सव्वा लाखाच्या आगेमागे खर्च धरला, त्यातून ६० हजार अनुदान वजा केलं, तर तीन-चार वर्षांत पैसे फिटतात. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र तेवढा टिकत नाही. आठ-दहा वर्षांनी तो बदलावा लागेल, हे आत्ताच घरात सांगून ठेवा. नाहीतर तेव्हा तुमच्या नावानं शिमगा होईल.

पण समजा घरात दोन पंखे, तीन दिवे, एक टीव्ही आहे आणि महिन्याला ८० युनिट लागतात. त्या घराचं बिल मुळातच सात-आठशे. तिथं एक किलोवॉटचे पैसे फिटायला पाच-सहा वर्षं जातात. सोलरमधला न बोलला जाणारा मुद्दा हाच आहे. जो जास्त वीज जाळतो त्याचे पैसे आधी वसूल होतात. एसीवाल्या बंगल्याला सोलर सगळ्यात आधी परवडतं आणि पत्र्याच्या दोन खोल्यांना सगळ्यात शेवटी.

हे सरकारच्याही लक्षात आलं असावं. २०२५ मध्ये राज्यानं महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी 'स्मार्ट' नावाची योजना आणली. केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचं आणखी अनुदान : दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला साडेसतरा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना पंधरा हजार, इतरांना दहा हजार. एका किलोवॉटला ५० हजार खर्च धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे अडीच हजारच घालायचे. तुमच्या घराला ही योजना लागू नसेल. पण तुमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या मावशींच्या घराला लागू असू शकते. त्यांच्या घरी ओटीपी विभाग आहे का, हे एकदा विचारा.

आणि हो, 'झिरो बिल' असं काही नसतं. दिवसा जास्तीची वीज लाईनवर जाते, रात्री तुम्ही ती परत घेता, महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. याला नेट मीटरिंग म्हणतात. पण स्थिर आकार भरावाच लागतो. अनुदानही आधी मिळत नाही. सोलर बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते थेट खात्यात येतं. म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करायची. त्यासाठी तीन किलोवॉटपर्यंत तारण न मागता बँका कमी व्याजानं कर्ज देतात. पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. 'नोंदणी फी' म्हणून कुणी फोनपे करायला सांगितलं तर तिथंच थांबा. अनुदानासाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं लागतं, डीसीआर म्हणतात त्याला. कोटेशनवर हे शब्द लिहून घ्या. स्वस्तात पडतंय म्हणून दुसरा माल घेतलात तर अनुदान गेलं.

मामाची लाईट

माझ्या मामानं सेलूत घरावर तीन किलोवॉट लावलं. मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली. मामा निवांत. आपलं तर स्वतःचंच आहे म्हणून पंख्याखाली आडवा झालेला. पंखा काही सुरू होईना. मग मला फोन.

"अगं, ऊन तर नुसतं आग ओकायलंय. मग आपली लाईट कुठं गेली?"

मलाही तेव्हा सांगता आलं नाही. लेखाच्या निमित्तानं समजून घेतलं, तर उत्तर साधं निघालं. अनुदानातलं बहुतेक सोलर हे लाईनला जोडलेलं असतं. लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. बंद पडायलाच हवा. नाहीतर लाईन बंद आहे समजून वायरमन खांबावर चढणार आणि तुमच्या छतावरून गेलेला करंट त्याला बसणार. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि वेगळा, हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बॅटरीसाठी अनुदान नाही, आणि खर्च बराच वाढतो. बसवणाऱ्यांनी हे सांगितलं नव्हतं, की मामानं विचारलं नव्हतं, यावर घरात अजून दोन मतं आहेत. तुम्ही विचारा. पहिला प्रश्न हाच विचारा.

मामाची दुसरी तक्रार : ऊन मे महिन्यात जास्त, तरी मार्चमधल्या कडक उन्हाच्या मानानं वीज वाढली कशी नाही? यात कुणाचाच दोष नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याची ताकद २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यापुढं प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. आपल्याकडे मेमध्ये हवाच बेचाळीस-चव्वेचाळीस अंश तापते, तर काचेखालचं पॅनेल साठी सहज गाठतं. म्हणजे दहा-बारा टक्के वीज उन्हानंच खाल्ली. त्यात धूळ. पॅनेल पंधरवड्यातून एकदा तरी धुवायला हवीत आणि तीही सकाळी लवकर, काच गार असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं जड पाणी असेल तर धुऊन पुसून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात. आपल्या घागरी बघा, कळेल.

गारपिटीचं काय, हाही प्रश्न येतोच, कारण मराठवाड्यात आता फेब्रुवारी-मार्चात काहीही पडतं. चांगल्या पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटर जाडीच्या गारेनं करतात. लिंबाएवढी गार पडली तर मात्र चाचणीचा कागद दाखवून उपयोग नाही. त्यामुळं विम्याची चौकशी करा.

रात्रीचं पाणी

हे सगळं शहरातल्या स्लॅबचं झालं. पण जिंतूर, पालम, सोनपेठकडं कुणाच्या घरी विचारा, सोलर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं गच्ची येत नाही, विहीर येते.

शेतातली लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री बाराला उठून मोटार चालू करायला जावं लागतं. हातात बॅटरी, पायाखाली चिखल, आणि साप, रानडुक्कर जे भेटेल ते. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून राज्यात वीज मोफत आहे. पण मोफत असलेली वीज रात्री येत असेल तर तिची किंमत झोपेत आणि जिवात मोजली जाते. म्हणून खेड्यात सोलरचा अर्थ 'स्वस्त वीज' असा नाही. 'दिवसा वीज' असा आहे.

त्याला दोन वाटा आहेत. पहिली, स्वतःच्या विहिरीवर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के, बाकी सरकार. अडीच एकरापर्यंत तीन हॉर्सपॉवर, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढं साडेसात. असे पंप बसवण्यात महाराष्ट्र देशात पहिला आहे. पण हा पंप ढगाळ दिवशी दमतो, सकाळ-संध्याकाळ पाण्याची धार बारीक असते आणि रात्री तो चालतच नाही. लाईनची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. पाच वर्षं देखभाल पुरवठादाराकडं असते, तेव्हा बिघाडाची तक्रार कुठं करायची तो नंबर पंपाच्या पेटीवर रंगानं लिहून ठेवा. कागद उंदीर खातात.

दुसरी वाट म्हणजे अख्ख्या गावाची लाईन सोलरवर टाकायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सोलर प्रकल्प उभा करतात आणि त्या भागातल्या पंपांना दिवसा वीज मिळते. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये आपल्या शेजारीच, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात तीन मेगावॉटचा सुरू झाला. इथं शेतकऱ्याला काही बसवावं लागत नाही, जुनीच मोटार, जुनंच कनेक्शन. मला स्वतःला ही वाट जास्त बरी वाटते, कारण प्रत्येकाच्या विहिरीवर वेगळं यंत्र सांभाळत बसण्यापेक्षा एक ठिकाण सांभाळणं सोपं. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. खडकाळ, पडीक रानाला हा भाव कुणी देणार नाही.

पण काळ्या कसदार जमिनीवर पॅनेल उभी राहिली तर? कापूस, सोयाबीन, तूर कुठं घ्यायची? आणि इथं जर्मनी पुन्हा येते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आडोल्फ गोएट्झबर्गर या जर्मन शास्त्रज्ञानं सोलरच्या खाली बटाटे लावता येतील, अशी कल्पना मांडली होती. पॅनेल उंचावर आणि अंतर ठेवून उभी करायची, खाली आणि मधल्या पट्ट्यात शेती सुरू ठेवायची. तेव्हा पॅनेल इतकी महाग होती, की ते कागदावरच राहिलं. आज तोच प्रयोग परभणीत आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, जर्मनीची जीआयझेड ही संस्था आणि सनसीड ही कंपनी मिळून इथं १.४ मेगावॉटच्या पॅनेलखाली आणि पॅनेलमध्ये कोणती पिकं कशी येतात, हे तपासतायत. पुढच्या वेळी कुणी 'जगात जर्मनी' म्हणून हसलं, तर हे सांगा.

भाड्याच्या खोलीत ऊन येतं का?

आता ज्यांचा कुठल्याच योजनेत नंबर लागत नाही, त्यांच्याबद्दल. म्हणजे माझ्याबद्दल, आणि बहुधा तुमच्याबद्दलही. रूम भाड्याची, मीटर मालकाचं, गच्चीला कुलूप. मालक युनिटला स्वतःचा दर लावतो आणि आपण गुपचूप भरतो. मालकानं उद्या सोलर बसवलं तरी आपला दर कमी होईल याची काही खात्री नाही.

जर्मनीत यावरही एक तोड काढली आहे. तिथं भाडेकरू बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल अडकवतात आणि वायर सरळ घरातल्या प्लगला लावतात. ८०० वॉटपर्यंत परवानगी आहे, २०२३ पासून त्यावर विक्रीकर नाही आणि २०२४ मध्ये भाडेकरूंना तसा हक्कच दिला. आपल्या सूर्यघर योजनेत भाडेकरूसाठी असं काही नाही. ज्याच्या नावावर मीटर, त्याच्या नावावर ऊन.

तसंच माळवदाच्या घरांचं. मातीचं छत, लाकडी सरे. त्यावर पॅनेलचा सांगाडा कोण चढवणार? पत्र्यावर बसवता येतं, पण खालचा सांगाडा मजबूत लागतो आणि तो खर्च वेगळा. सोलर स्वस्त झालं, हे खरं. स्लॅब स्वस्त झाला नाही.

जाता जाता, आयटीआय इलेक्ट्रिशियन केलेल्यांसाठी : केंद्राचा 'सूर्यमित्र' नावाचा सोलर बसवण्या-दुरुस्तीचा साधारण तीन महिन्यांचा कोर्स २०१५ पासून आहे. माझ्या मामासारखी गिऱ्हाइकं वाढत जाणार आहेत आणि त्यांना फोन उचलणारं कुणीतरी लागणार आहे. चाकणला जाण्याआधी याचा एकदा विचार करा.

हा लेख लिहायच्या आधी मी आमच्या घरचं बिल मागवलं. आईनं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. युनिट १७४. हिशेबात बरोबर बसत होतं. दोन किलोवॉट, साडेतीन वर्षं, अगदी छान. मग वर नाव बघितलं. आजोबांचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झालीत. अर्जदार, मीटर आणि बँक खातं यांची नावं जुळल्याशिवाय पुढं काही सरकत नाही. त्यासाठी आधी मीटरवरचं नाव बदलायचं, त्यासाठी मृत्यू दाखला, घराचा उतारा, आणि उताऱ्यावर बाबांबरोबर दोन काका आणि आत्या. म्हणजे तिघांच्या सह्या. एक काका नाशिकला असतात आणि बाबांचं त्यांच्याशी दिवाळीपासून बोलणं नाही.

बाबांनी काल त्यांना फोन लावला. सोलरचं निमित्त आहे म्हणाले.